स्पेनाळलेल्या नवऱ्याची पाठवणी

लंडन, ऑक्टोबर १६२३

तीर्थस्वरूप एडमंडदादास,

धाकट्या जॉयसचा गुडघा टेकून नमस्कार. (एकच टेकलाय, दुसरा तुझ्यासारखाच कुरकुरतो.) वहिनीचा खोकला थांबला का? जुनी डुकरीण व्याली का? मी ठीक आहे. आमचे हे मात्र स्पेनाळलेत. हे क्रियापद आमच्या गल्लीने खास त्यांच्यासाठी घडवलंय.

युवराज नवरी बघायला स्पेनला गेले, त्या दिवशीच ह्यांनी ठरवलं की आता राणी तिकडची येणार, दरबार तिकडचा होणार आणि हातमोजे शिवणाऱ्यांत जो आधी स्पॅनिश होईल तोच दरबारात शिरणार. झालं! काळा झगा आला. मिशांना मेण लागलं, टोकं थेट डोळ्यांत. चाल इतकी संथ की चर्चला पोचेपर्यंत प्रवचन संपायचं (हा तेवढा फायदा). लोणी बंद, सगळं ऑलिव्हच्या तेलात. आमचं मांजर शेजारी जेवायला जायला लागलं.

हेही मी गिळलं असतं. पण आपल्या लेकीचं, मार्जरीचं लग्न ठरलंय, आणि व्याही कोण, तर दोरवाले गिडियन थॉर्प! पस्तीस वर्षांपूर्वी स्पेनच्या आरमाराशी लढताना त्यांचा डावा कान गेला. उरलेल्या कानावर स्पेनचं नाव पडलं तरी माणूस टेबल उलथतो. सहा महिने मी ह्यांना त्यांच्यापासून लपवलं. कधी गोवर सांगितला, कधी जुलाब.

परवा सकाळी गावभर घंटा वाजल्या. दारोदार लाकडं रचून आगी पेटल्या, पिंपं बाहेर आली. आपल्याकडे आनंद म्हटला की हे आलंच. पण आनंद कशाचा, हे विचारायची तसदी ह्यांनी घेतली नाही. "जॉयस, आली गं! राजकन्या आली!" म्हणत स्पॅनिश मद्याचं अख्खं पिंप रस्त्यावर लोटलं आणि झगा सावरत ओरडले, "स्पेनच्या राजकन्येचा विजय असो!"

दादा, युवराज नवरीशिवाय परत आले होते. आनंद त्याचाच होता.

आगीपलीकडे एका कानाचे व्याही उभे. "पेटिफर, तू होय? मला वाटलं, गोवरानं गेलास."

"झगा टाका आगीत!" कोणीतरी ओरडलं.

"आतल्या माणसासकट!" दुसऱ्याने पुरवणी जोडली.

मी मध्ये पडले. म्हटलं, "अहो थॉर्पभाऊ, शत्रूचं भरलेलं पिंप तुमच्या पायाशी आणून दिलंय त्यांनी! आता ते रिकामंही आम्हीच करायचं का?" हे मात्र सगळ्यांना पटलं. स्पेनचा नायनाट होवो म्हणत स्पेनचंच मद्य दुपारपर्यंत संपलं. झगा जळला, नवरा वाचला. पण मिशा द्यायला हे तयार नाहीत, आणि त्या मिशा चर्चच्या दारात दिसल्या तर आपला मुलगा आल्या पावली परत जाईल, असं थॉर्पांनी बजावलंय. लग्न तीन आठवड्यांवर आलंय.

बाकी क्षेम. वहिनीला नमस्कार.

तुझी जॉयस

ता. क. : हे पत्र देऊन समोर ताठ बसलेला गृहस्थ निरोप्या नव्हे, तुझे मेहुणे आहेत. पत्रात डुकरिणीची चौकशी आहे असं त्यांना सांगितलंय, म्हणून हसू नकोस. त्यांना भरपूर बिअर पाज, आणि घोरायला लागले की मेंढ्या भादरायच्या कात्रीने मिशा उतरव. मग लगेच परत पाठव.

पुन्हा ता. क. : परत पाठवू नकोस! पत्राला लाख लावता लावता बातमी आली : युवराजांसाठी आता फ्रान्सची मुलगी बघणार म्हणे. ह्यांच्या कानावर जायच्या आत त्यांना कोठारात घालून बाहेरून कडी लाव. मार्जरीचा हात धरून चर्चमध्ये मामाच नेईल. निघ.