हरिशात हरवलेली सुई

नाबल, ४ ऑक्टोबर १९८८

चि. शादलीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

मागे पाठवलेली हरिशाच्या चटणीची बाटली उघडू नकोस. उघडली असलीस तर पोरांना हात लावू देऊ नकोस. मिरच्यांच्या माळा ओवायच्या सुया मोजल्या, तर एक कमी. कधी हरवली कुणास ठाऊक, म्हणून दुकानांतल्या सगळ्या बाटल्या परत मागवल्या. आमचा कारखाना तो केवढा, चार बायका आणि एक चक्की. पण बाटलीवर आमचं नाव आहे. कुणाच्या लेकराच्या घशात सुई गेली तर मी तोंड कुठे दाखवू? डोळ्याला डोळा लागत नाही.

आई म्हणते, बाटली शादलीनेच आणून द्यायची, टॅक्सीवाल्याबरोबर पाठवायची नाही. गेल्या ईदलाही तू फिरकला नाहीस, ते मी उकरून काढत नाही.

तुझ्या रफीकाला आणि पोरांना माया, तुला मात्र मला जमेल तेवढीच.
मुंजिया

स्फाक्स, ९ ऑक्टोबर

ती. मुंजियाताईस सलाम, वि. वि.

पत्र आलं तेव्हा अर्धी बाटली फस्त झाली होती. उरलेला हरिसा रफीकाने चहाच्या गाळणीतून काढला. सुई मिळाली नाही, चहा मात्र अजून तिखट लागतो. पोरं ठणठणीत आहेत. लहानपणी तू कुसकुसात खडे शोधायचीस आणि माझ्याच ताटात टाकायचीस, त्याची आठवण झाली.

इथल्या किराणावाल्याच्या फळीवरच्या बाटल्या मी स्वतः उतरवल्या. ज्या बायका आपली चूक आपणहून सांगतात त्यांचाच माल ठेवावा, असं तो म्हणाला. तेव्हा धीर धर.

ऑलिव्हचा हंगाम तोंडावर आलाय. अर्ध्या बाटलीसाठी एवढा प्रवास कुठे करू? टॅक्सीवाल्याबरोबर पाठवतो. आईची समजूत घाल.

राग ओसरला की लोभ धरावा.
तुझा शादली

नाबल, १५ ऑक्टोबर

चि. शादलीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

सुई सापडली. आईच्या डोक्याच्या रुमालात! माळ संपली की सुई रुमालात खोचायची तिची जन्माची खोड. आम्ही बाटल्या उपसत होतो आणि ती सुई डोक्यावर घेऊन आमच्यावर देखरेख करत होती. काल कामाचा रुमाल धुवायला काढला, तेव्हा बोटाला टोचली. मी आधी रडले, मग पोट दुखेपर्यंत हसले. दुकानदारांना खरं ते सांगितलं. तेही हसले आणि नव्या बाटल्या मागून मोकळे झाले.

सगळ्यांना कळवलं, फक्त तुला कळवायचं नाही अशी आईची सक्त ताकीद आहे. सुई मिळाल्याचं कळलं तर तू येणार नाहीस, म्हणते. रस्त्यावर टॅक्सी थांबली की हातातलं काम टाकून दारात जाते.

तेव्हा हे पत्र वाच आणि विसर. बाटली अजून टॅक्सीवाल्याकडे दिली नसशील, तर देऊ नकोस. तोंड गंभीर करून ये आणि बाटली तिच्या हातात दे. रिकामी असली तरी चालेल.

वाट पाहणारी,
मुंजियाताई