शिशाच्या पेटीवरचं बेलपान

प्रिय चंद्रप्पा,

तू रागानं लातूरच्या एसटीत चढलास त्याला आठवडा झाला. इकडे दुष्काळाची तब्येत उत्तम आहे. टँकर आला की भांडणं येतात, नाही आला की पुढारी येतात. मी संस्कृत शिकवतोय. त्याला पाणी लागत नाही.

तुझं पारावरचं बोलणं डोक्यातून जात नाही. भूजल मोजणाऱ्या पथकाची शिशाची पेटी हरवलीय, आत किरणं सोडणारा तुकडा आहे, लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा ती उस्मानाबादकडे राहिली की इकडे आली कुणालाच ठाऊक नाही, कागदावर मात्र दोन्हीकडे सुखरूप आहे. ती शोधायला तू मुंबईच्या अणुखात्याकडून आला होतास, किती कळकळीनं सांगत होतास! आणि मी म्हणालो, "एकाच वेळी दोन जिल्ह्यांत? अरे, याला तर शास्त्रात सर्वव्यापी म्हणतात!" सगळा पार खिदळला. तुझ्या आईनं, गुरम्मामावशीनं, "आलाच हाईस तर नव्या महादेवाला हात जोडून जा की," म्हटलं, तेव्हाही मीच बोललो, "साहेबाला देवळात शिरायला मुंबईहून हुकूम लागंल." तू पिशवीतलं किरणं मोजायचं यंत्र न काढताच उठलास. देऊळ तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

हा नवा महादेव कसा आला ते तुला कुणी सांगितलंच नसेल. मलप्पाच्या रानात पथकाची जीप बंद पडली. ती ओढून नेली, जड पेटी बोअरजवळच राहिली आणि तिला न्यायला कुणी फिरकलंच नाही. पुढं सगळ्या शिवारातले बोअर आटले, तेवढा एक चालला. मलप्पानं पेटी बैलगाडीतून महादेवाच्या देवळात आणली आणि मला विचारलं, "मास्तर, पेटीवरच्या ह्या पिवळ्या पट्टीवर काय काढलंय हो?" मधे ठिपका, भोवती तीन पाकळ्या. मी चष्मा पुसून सांगितलं, "त्रिदल. बेलाचं पान." वर रुद्र म्हटला, अभिषेक घातला. साधा माणूस नुसता चुकतो, चंद्रप्पा. शिकलेला चुकीला मंत्रही जोडतो.

जाण्याआधी तू शाळेची किल्ली घेतलीस ती कशाला, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. फळ्यावर पेटीवरचंच चित्र होतं; म्हणजे तुझी हरवलेली पेटी तीच, आमचा महादेव. मोठी माणसं हसली म्हणून पोरांसाठी काढलं असशील. खाली तुझं वळणदार अक्षर: "हे कुठं दिसलं तर हात लावू नका. गुरुलिंगमास्तरांना सांगा."

घंटा होत होती. मी ते पुसलं. पोरांनी चित्र ओळखलं असतं, आणि मग त्यांच्या बापांनी मला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तहसील गाठली. साहेब म्हणाले, "मास्तर, ती पेटी आमच्या ताब्यात असल्याचं वर कळवलेलं आहे. म्हणजे तुमच्याकडची ती नव्हेच." असा युक्तिवाद आमच्या काशीच्या गुरुजींनाही सुचला नसता. तोवर इकडे मलप्पानं कुलूप फोडून "आतल्या देवाचं" दर्शन घ्यायचं ठरवलं आणि मुहूर्त मलाच विचारला. मी पंचांग उघडून अमावास्येपर्यंत एकही दिवस धड ठेवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं ज्योतिष सरकारच्या कामी आलं.

आता जे लिहायला हात उचलत नव्हता ते. कुलूप शाबूत आहे, पण देवळात गारवा म्हणून गुरम्मामावशी रोज दुपारी त्या पेटीला पाठ टेकून जप करते. तू ज्या दुपारी आलास, त्याही दुपारी ती तिथूनच उठून तुला भेटायला आली होती. त्यानं काय होतं, काय नाही, मला कळत नाही, तुला कळतं. काल मी तिच्या पाया पडून सांगितलं, "मावशी, मी चुकलो, हा देव नव्हे, इथून ऊठ." ती हसली. म्हणाली, "तूच बेलाचं पान म्हन्लास की रं. आता फिरतूस व्हय? माज्या चंद्रूनं सांगितलं तरच उठंन." तुझं यंत्र घेऊन अमावास्येच्या आत ये. आज फळ्यावर ते चित्र पुन्हा काढलंय. पाकळ्या तुझ्याइतक्या नीट आल्या नाहीत, पण पोरांनी ओळखलं. त्यांचे बाप आता माझ्या दाराशी येतायत. हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडे देतो आणि त्यांना सामोरा जातो.

तुझाच,
पोरांना ज्याच्यावर सोपवून गेलास तो
गुरुलिंग