लाल पेन्सिलीची भिंत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तितकाच वाकून). तुझा खोकला कमी झाला का? नव्या डॉक्टरांचा गुण आला का? इकडे सगळे बरे आहेत, फक्त माझी अब्रू तेवढी आजारी आहे, आणि त्यात थोडा तुझाही हात आहे.

शाळेच्या रंगकामाचं तुला ठाऊकच आहे. बारा खोल्या आणि व्हरांडा, एवढं मोठं काम मला जन्मात मिळालं नव्हतं. नमुना म्हणून मुख्याध्यापकांनी आधी फाटकाजवळची भिंत दिली. इंग्रजीत ऐकायला सारखे आणि अर्थाने वेगळे शब्द असतात ना, त्यांच्या वीस जोड्या मुलांसाठी तिथे रंगवायच्या होत्या. यादी त्यांनी स्वतः निळ्या शाईत केलेली. (आता स्टेशनरीच बघ. एक वह्या-पेनांची, दुसरी जागची न हलणारी. मराठीत लिहिल्या तर दोघी जुळ्या बहिणी, तेव्हा इथे लिहून दाखवण्यात अर्थ नाही.) इंग्रजीशी माझं वैर जुनं, म्हणून यादी तुझ्याकडे पाठवली आणि तू ती लाल पेन्सिलीने तपासून परत धाडलीस.

आमच्या धंद्याचा नियम असा, की कागदावर असेल ते भिंतीवर, डोकं चालवायचं नाही. उस्तादांनी पहिल्याच दिवशी हे शिकवलं (त्यांनी एकदा कागदावरचा चहाचा डागही हुबेहूब रंगवला होता, आणि गिऱ्हाइकाला तोच जास्त आवडला). त्याप्रमाणे मी निळं ते निळ्यात आणि लाल ते लालमध्ये काढलं. सातव्या जोडीचे अर्थ उलटे झालेत, हा तुझा शेरा काढला. आणि सगळ्यात खाली, वीतभर अक्षरांत, यादी करणाऱ्याने आधी मुलांबरोबर बाकावर येऊन बसावं, हेही.

सकाळी मुलं फाटकातून आत जाईनात. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना बाकीची वाचून दाखवत होती. शिपाई हसू लपवायला घंटा बडवत राहिला. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं, म्हणाले, "पेंटर, सातवी जोडी खरंच चुकली आहे," आणि ऑफिसात गेले. मी शिडीवरच होतो, खाली उतरायचं धाडस होईना. घरी हिने माझे ब्रश लपवून ठेवलेत.

बाकी सर्व ठीक. प्रकृतीला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम राहिलंच. मुख्याध्यापकांचा निरोप आहे, की लाल अक्षरवाल्या बाईंनी सोमवारपासून येऊन मुलांना या जोड्या शिकवाव्यात. आल्या तर बारा खोल्या माझ्या, नाहीतर भिंत पांढरी करून काम सोडायचं. मी तुझ्या वतीने हो म्हणून बसलो आहे. माडीवरची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे.

दुसरा ता. क. : लाल शेरे रंगवायचे नसतात, एवढं तीस वर्षांच्या पेंटरला कळतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तू फोनवर औषधांच्या वेळा सांगतेस आणि फोन ठेवतेस. त्या कागदावर मात्र तू पूर्वीसारखी रागावली होतीस. मला फार बरं वाटलं गं, म्हणून मोठ्या अक्षरांत काढलं.