तलवारबाजाचा बाप

शनिवार, ४ मार्च
दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझी पूर्वकथा परत केली. शनिवारी दुपारी त्यांचा दवाखाना बंद झाला की बाहेरच्या खोलीत आम्ही फासे घेऊन गोष्टीचा खेळ खेळायला बसतो. मी, माझा मावसभाऊ आणि शेजारचा औषधवाला, तिघांनी एकेक पात्र व्हायचं, त्याचं आधीचं आयुष्य लिहून आणायचं. पुढची गोष्ट त्या चालवणार. माझ्या तलवारबाज बाईचे आईबाप दरोडेखोरांनी मारलेले. मावसभावाच्या मांत्रिकाचे आगीत गेले. औषधवाल्याच्या चोराचे पुरात.
"तीन पात्रं, सहा प्रेतं," बाई म्हणाल्या. "कुणाचा तरी बाप ठेवा की जिवंत."
सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

रविवार, ५
बाप जिवंत केला. आता ह्याचं करायचं काय?

बुधवार, ८
मेलेला बाप दोन ओळींत आटपतो. जिवंत बाप प्रत्येक ओळीत तोंड घालतो. दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासत विचार केला आणि शेवटी आमच्या बाबांनाच उचललं. पात्र लोहाराचं – बायको वारलेली. मुलगी चिलखत घालून लढाईला निघाली की विचारतो, "आत स्वेटर घातलास का?"

शनिवार, ११
बाप हिट! बाईंनी त्याचा आवाज काढला. तो मुलीच्या मागे मागे थेट गुहेत आला आणि राक्षसाला म्हणाला, "तुम्ही मूळचे कुठले?" राक्षस गडबडला. मावसभाऊ हसता हसता खुर्चीवरून घसरला.

सोमवार, १३
घरी आले तर बाबांच्या मांडीवर माझी वही. मेलेच, म्हटलं.
"मी राक्षसाला असं विचारीन?" मग जरा थांबून – "विचारीन म्हणा."
त्यांची तक्रार वेगळीच. लोहाराला पूर्वकथाच नाही. "बायको गेल्यावर अकरा वर्षं नुसता ऐरण बडवत बसला? मी लिहू?"
पेन दिलं.

गुरुवार, १६
अजून लिहितायत. जेवतानाही वही ताटाशेजारी. खाडाखोड फार.

शनिवार, १८
बाबांची चार पानं मी सगळ्यांना वाचून दाखवली. लोहार गल्लीतल्या शिंपिणीकडे जातो. जायला कारण हवं म्हणून स्वतःच्याच सदऱ्याची बटणं तोडतो. चार वर्षं हेच चाललंय. मुलीला सांगायचा धीर होत नाही.
"ही शिंपीण मला हवीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. औषधवाल्याला बटणांची युक्ती फार आवडली. मीही हसले.
मग बाबांचे शर्ट आठवले. एकाही शर्टाची दोन बटणं एका रंगाच्या दोऱ्यानं लावलेली नाहीत. माझं हसू तिथंच थांबलं.

रविवार, १९
सकाळी विचारलं, "ह्या बाई खऱ्या आहेत?"
"हो."
"मग मला का नाही सांगितलंत?"
"तू एकटी पडशील म्हणून."
मी दोनदा दुसऱ्या शहरातली चांगली नोकरी नाकारली, बाबा एकटे पडतील म्हणून. तेही आज सांगून टाकलं.
मग बाबा म्हणाले, "त्यातली एखादी जागा अजून रिकामी आहे का बघ ना."