सविताताईंची ओटी

११ फेब्रु., बुध.
उद्याचा कस्टडी पॅरोल माझ्याकडे. पहिल्यांदाच एकटीच्या जबाबदारीवर! माझ्या बराकीतल्या सविताताईंना फरीदाबादला घरी न्यायचं, आजारी सासूला भेटवायचं, अंधाराआधी परत जेलमध्ये. गांजाचं पार्सल पोचवलं, त्याची शिक्षा भोगतायत. मुलगी प्राची बारावीत. एकदाही जेलमध्ये मुलाखतीला आली नाही.
"मॅडम, ती बोलेल का माझ्याशी?"
म्हटलं, आधी जाऊ तर.

बाबांनी आमच्या आर. के. पुरमभर सांगून टाकलं. आई चिडली, "अहो, गुपित असतं ते!" बाबा: "कुठे जाणार ते नाही सांगितलं. ऑर्डर हिची चालणार, एवढंच."

१२ फेब्रु., गुरु.
गल्लीत बाल्कन्या भरलेल्या. सविताताईंनी पदर पुढे ओढला. म्हटलं, वर बघून चाला. चालल्या. मी शेजारून, मागून नाही.

सासूबाई खाटेवर. सून पाया पडली तर म्हणतात, "गाल कुठे गेले गं तुझे? जेवायला देत नाहीत वाटतं?" मग दोघी रडल्या. मग माझ्याकडे मोर्चा: "पँटवाली, लग्न झालं का?"
"नाही, आजी."
"मग चहा घे. ओटी हिचीच भरते."

प्राची भिंतीला टेकून मोबाईलमध्ये. आईकडे बघेना.

निघताना आजींनी उठून बसून ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. मी नुसती बघत राहिले. नियम साफ विसरले. हवालदार बिमलाजी दारातून हळूच, "मैडम, ये अंदर नहीं जाएगा. गेट पर फिंकवाना पड़ेगा."

भरलेली ओटी फेकायची? माझ्या हातून नाही.
प्राचीला म्हटलं, "आई सुटेपर्यंत तू सांभाळ."
"मी का? कुणासाठी?"

सविताताई पदर धरून तशाच. निघायला हवं होतं, बिमलाजी घड्याळ दाखवतायत... मी थांबले.

शेवटी पोरीने स्टीलचा डबा आणला, आईच्या पदराखाली धरला. पण एक दाणा खाली पडू दिला नाही.

वेळेत परत. गाडीत मला सारखं वाटत होतं, ही वर्दी आज खरंच माझी झाली.

१३ फेब्रु., शुक्र.
अधीक्षक मॅडम म्हणाल्या, "अच्छा किया." बास, एवढंच. पुरे.
रात्री बाबांनी स्वतः वाढलं मला. जन्मभर ऑफिसात साहेबांपुढे ट्रे धरला त्यांनी. आज पोळीवर तूप घालताना विचारतात, "आणखी घेणार, मॅडम?" आई हसली. मी ताट पुढे केलं.

१७ फेब्रु., मंगळ.
राउंडला सविताताई धावत आल्या. काल घरी फोन केला तर प्राचीने उचलला! पहिल्यांदाच.
"काय म्हणाली?"
"म्हणाली, तांदळाला बोरिक पावडर लावते, नाहीतर पोरकिडे होतील. पण किती दिवस टिकायला हवेत ते सांग."
"मग? काय सांगितलंत?"
"फोनची वेळ संपली, मॅडम."
आता पुढचा फोन शुक्रवारी. काय सांगू, मला विचारतायत.