उतारावरचा ट्रॅक्टर कोणाकडे जावा

मी, सुलेखा उल्हास पेंढारकर, वय चौसष्ट, राहणार ओबरलिंडाख, रेगेन्सबर्गजवळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. स्वादुपिंड नाही, आणि डॉक्टरांच्या मते येता उन्हाळा मला दिसणार नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. मराठीत लिहिते, कारण माझा मुलगा सत्यजित याच्याशी मी कधी जर्मनमध्ये भांडलेले नाही. कोर्टाला हवे असेल तर त्याने भाषांतर करून घ्यावे.

१. राहते घर आणि त्याखालचे उताराचे कुरण सत्यजितला द्यावे. तो ते विकेल, याची मला कल्पना आहे, विकावे. मात्र ओढ्याच्या काठाने मी रोवून घेतलेले खांब आणि तार काढू नये. घेणारा म्हणेल की त्याने देखावा बिघडतो. बिघडू दे.

२. बँकेतली शिल्लक, अंत्यविधीचा खर्च वजा जाता, सून निशिगंधा हिला, तिच्या एकटीच्या नावाने. माझ्या आजारपणात ती एश्बॉर्नहून येऊन राहत असे आणि मला विचारल्याशिवाय माझे स्वयंपाकघर आवरत नसे. असे वागणे सोपे नाही.

३. गवत कापायचा लहान ट्रॅक्टर, त्याचे बर्फ ढकलायचे पाते, साखळ्या, चाकांची लोखंडी वजने आणि उल्हासची सगळी हत्यारे गावच्या फ्रायविलिगे फॉयरवेअरला, म्हणजे स्वयंसेवकांच्या अग्निशामक दलाला द्यावीत. या कलमावर सत्यजितची हरकत असणार, म्हणून कारण सविस्तर लिहिते.

उल्हास मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा ट्रॅक्टर घेतला. दुकानात मी बरोबर होते. टायर हिरवळीचे, गुळगुळीत होते. मी विचारले, "ओल्या उतारावर हे धरतील का?" विक्रेता संगणकावरून मान वर न करता म्हणाला, "या, या, गेनाऊ," म्हणजे हो हो, अगदी. उल्हास मला म्हणाले, "अगं, त्यांचा रोजचा धंदा आहे." त्या दुकानाला माझ्या घरातला एक स्क्रूही विकू नये.

२००३च्या मार्चमध्ये बर्फ वितळले. वरून कुरण कोरडे दिसत होते, आत चिखल होता. उल्हास ट्रॅक्टरला मागे जोडलेल्या गाडीत तोडलेल्या फांद्या भरून उतारावर आडवे निघाले. मी खिडकीशी भाजी निवडत होते. इंजिनाचा आवाज एकदम चढला, म्हणजे चाके जागच्या जागी फिरू लागली. मी बाहेर धावले, "अहो, उतरा! उतरा!" म्हणून ओरडले. ट्रॅक्टर आडवाच घसरत ओढ्याकडे गेला आणि काठावरून उलटला. ते खाली होते. पाणी गुडघाभरही नव्हते. मला ट्रॅक्टर हलवेना. अग्निशामक दलाच्या पोरांनी तो उचलला, तोवर सगळे संपले होते. म्हणून तो त्यांना.

सत्यजित म्हणाला, "आई, भंगारात घाल तो. ज्याने बाबांना मारलं, तो तू दारात कशाला ठेवतेस?"

मी म्हणाले, "यंत्राने नाही मारलं. चिखलाने आणि त्या टायरांनी मारलं."

मी मागे खोल खाचांचे, शेतीच्या ट्रॅक्टरसारखे टायर बसवून घेतले. चालवायला सपाट अंगणात शिकले. घेणाऱ्याने एवढे पाळावे: बर्फात साखळ्या आणि वजने दोन्ही चढवावीत, मागे वाळूची पोती बांधावीत. बर्फ वितळू लागले की वजने, पोती आणि साखळ्या उतरवाव्यात. मऊ जमिनीत जड चाक रुततेच. तिथे टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या किमान दाबापर्यंत कमी करावी, म्हणजे टायर पसरून जमीन धरतो. उतारावर सरळ वर जावे, सरळ खाली यावे. आडवे कधीही नाही, कोणतेही टायर असोत.

आमचा चढाचा रस्ता खासगी आहे, गावाचा बर्फ काढायचा नांगर तिथे येत नाही. २००६च्या फेब्रुवारीत छपरे कोसळतील एवढा बर्फ पडला. शेजारचे आलोइस आइग्नर छाती धरून कोसळले. त्यांची बायको त्सेंटा माझ्या दारात घरातल्या चपलांवर आली. "फ्राउ पेंढारकर, रुग्णवाहिका खाली अडकलीय!" मी बर्फ ढकलत खाली गेले आणि रुग्णवाहिका माझ्यामागून वर आली. साखळ्या एकदाही सुटल्या नाहीत.

आलोइस वाचले नाहीत. दोन दिवसांनी रेगेन्सबर्गच्या इस्पितळात वारले. मी त्सेंटाच्या दारात उभी राहून म्हणाले, "उपयोग झाला नाही." त्सेंटा म्हणाली, "दोन दिवस त्यांचा हात माझ्या हातात होता. ते बोलले माझ्याशी." मग आम्ही दोघी रडलो. मी उल्हाससाठी अशी रडले नव्हते. तेव्हा पोलीस प्रश्न विचारत होते.

हे मी सत्यजितला फोनवर सांगितले.  तो म्हणाला, "पण बाबांसाठी कोणी आलं नाही ना वेळेवर."  तो बापाच्या मरणानंतर या घरात आलेला नाही. गावात येतो, गाडी चढाखाली लावतो, निशिगंधाला वर पाठवतो, आणि मी खाली उतरून त्याला गावातल्या हॉटेलात भेटते. मागच्या महिन्यापासून मला उतरवत नाही.

४. माझे दहन करावे. अस्थिकलश गावच्या स्मशानभूमीत उल्हासच्या शेजारी पुरावा आणि नंतर सर्वांना या घरी चहा द्यावा. त्या दिवशी बर्फ असला तर रस्ता कोणी साफ करू नये, अग्निशामक दलानेही नाही. ज्याला माझ्या घरी यायचे आहे, तो चालत वर येईल.

इथल्या कायद्याने हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. तरी मी शुद्धीत सही केली, हे दोन माणसांनी पाहिलेले बरे.

सही: सुलेखा उल्हास पेंढारकर

साक्षीदार:
मालिनी कुमार घाणेकर, रेगेन्सबर्ग
त्सेंटा आइग्नर, ओबरलिंडाख (मजकूर जर्मनमध्ये समजावून सांगितला)

ओबरलिंडाख, १८ नोव्हेंबर २००७