पडलं की पहिल्या पायरीवर

२४ ऑगस्ट, गफ्सा

आलो एकदाचे. ट्यूनिसपासून मागे ट्रकमध्ये सामान आणि पुढे आम्ही मायलेक. आईच्या मांडीवर कुसकुसचं मोठं पातेलं, कारण ते म्हणे ट्रकवाल्याच्या भरवशावर टाकता येत नाही. घर बघताक्षणी आवडलं. दोन खोल्या, चौकात लिंबाचं झाड आणि चौकातून गच्चीवर जाणारा दगडी जिना. जिन्याला कठडा नाही, गच्चीला नाही, आणि एक पायरी दुसरीसारखी नाही. बांधला त्या दिवशी गवंड्याचं बायकोशी भांडण झालं असावं. आईचे गुडघे दुखरे, म्हणून मला धाकधूक होती. पण ती वर जाऊन ऊन पाहून आली आणि जाहीर केलं, असं ऊन राजधानीत शोधूनही सापडायचं नाही, उद्याच मिरच्या आणायच्या. वर्षाची हरीसा, म्हणजे लाल मिरचीची चटणी, घरच्या वाळवलेल्या मिरच्यांचीच, हे आमच्या घरच्या घटनेतलं पहिलं कलम आहे.

उद्यापासून नवी नोकरी. कंपनीचं नाव 'खुतवा', म्हणजे पाऊल. झोप येत नाहीये, पण ती आनंदानं.

२६ ऑगस्ट

यंत्राची ओळख झाली. चार पाय, डोकं नाही, उंची माझ्या मांडीएवढी. सगळे त्याला बर्कूस म्हणतात, म्हणजे तरणा मेंढा. फॉस्फेटच्या खाणीतल्या बंद पडलेल्या बोगद्यांत माणसाऐवजी त्याला पाठवायचंय. सपाटीवर झकास चालतो, पण वेड्यावाकड्या पायऱ्या दिसल्या की नांगी टाकतो. ते सुधारणं माझं काम.

शिकवणी संगणकात चालते. तिथल्या खोट्या जगात हजारो बर्कूस एकदम चालतात, धडपडतात. पडला की पुन्हा पहिल्या पायरीवर उभा. शिवाय चालता चालता कुठूनतरी अवचित धक्का बसतो. आमच्या साहेबांचा, म्हणजे शिहाबचा, नियम सोपा आहे. जो धक्का खाऊन उभा राहिला, त्याला पुढचा धक्का आणखी जोराचा.

दुपारी आई माझा डबा घेऊन आली. नेमका तेव्हाच शिहाब खऱ्या बर्कूसला लाथ घालून त्याचा तोल तपासत होता. बर्कूस डगमगला आणि आईच्या तोंडून पटकन 'इस्मल्ला!' निघालं, रस्त्यात कुणाचंही पोर अडखळलं की निघतं तसं. मग तिनं शिहाबला धारेवर धरलं. तुझ्या आईनं तुला असंच ढकलून ढकलून चालायला शिकवलं का रे? आम्ही तर बाबा हात धरायचो. शिहाब म्हणाला, महर्झिया मावशी, हात धरला तर मेंढा लाडावतो. सगळे हसले. आई हसली नाही. संध्याकाळी मी घरी आलो तरी पुटपुटत होती, बिचाऱ्यानं तोल सांभाळला, तर त्याला शाबासकी द्यायची की जास्त मारायचं?

१ सप्टेंबर

शिहाबला शिकवणीसाठी वाकडा जिना हवा होता. मी म्हटलं, आमच्यासारखा जिना अख्ख्या गफ्सात नाही. सकाळी फोनचा कॅमेरा फिरवून पायऱ्या, गच्ची, पलीकडची गल्ली, सगळं टिपलं. आई मिरच्यांची परात घेऊन पहिल्या पायरीवर उभी होती. तिला बाजूला हो म्हणायला हवं होतं. पण मिरच्यांच्या दिवसांत आईला बाजूला हो म्हणणारा मुलगा या देशात अजून जन्मायचाय. तेव्हा तीही चित्रात आली. संगणकावर पहिल्या पायरीशी उंचसा लालसर डाग दिसतो. पुसायचा कंटाळा केला. सगळे बर्कूस आता त्या डागापासूनच चालायला सुरुवात करतात.

४ सप्टेंबर

कमाल झाली! संगणकातले बर्कूस गच्चीपर्यंत पोचू लागले. तीच चाल खऱ्याला दिली, तर तोही कारखान्यातल्या पायऱ्या चढला. एक गंमत आहे. अर्ध्यावर, वळणाशी, तो जरासा थांबतो आणि पाठ झटकतो. हे त्याला कुणीच शिकवलेलं नाही. आमची आई वळणावर थांबते आणि परात झटकून मिरच्या सारख्या करते.

संध्याकाळी ती जिन्यावर अडखळली. स्वतःच स्वतःला इस्मल्ला म्हणाली. गुडघा, दुसरं काय, म्हणाली. मला मात्र तेव्हापासून चैन नाही. दोनदा उठून जिना बघून आलो.

७ सप्टेंबर

आईचा गुडघा दुखायचा थांबला. इथल्या हवेचा गुण म्हणते. भिंतीला हात न लावता चढते. तक्रार एवढीच की चढताना कुणीतरी कमरेत ढोसतं. शेजारच्या बोक्यावर आळ घेतलाय. बोका काही कमरेपर्यंत पोचत नाही.

तिची चाल बदललीय. गुडघे वाकलेले, पाय फाकलेले. पाऊल टेकण्याआधी जमीन चाचपते. ही चाल मी दिवसभर पडद्यावर बघतो.

९ सप्टेंबर

आज डोळ्यांनी पाहिलं. रखरखीत दुपार, जिन्यावर ती एकटी. आणि तिचं सगळं अंग बाजूला फेकलं गेलं. एक पाय कडेच्या बाहेर गेला, हवेत फिरला, परत येऊन टेकला. हुबेहूब बर्कूस. सावरली आणि माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, बघ, पडले नाही.

शिहाबचा नियम आठवला. पडली नाही म्हणजे पुढचा धक्का—

हातापाया पडलो, वर जाऊ नकोस. म्हणाली, मग मिरच्या काय तुझा शिहाब उलटणार?

१० सप्टेंबर

शिहाबला म्हटलं, बंद कर सगळं. तो म्हणाला, वेडा की काय, आत्ता कुठे मेंढा शिकतोय. त्याची पाठ वळल्यावर मी धक्के शून्यावर आणले. पडद्यावर शून्य दिसलं.

मग तो लालसर डाग शोधला. पहिल्या पायरीशी नव्हता. वळणापाशी होता. वर चढत होता.

घरी पळालो.

११ सप्टेंबर

आई पडली. गच्चीच्या कडेवरून गल्लीत. मी पाहिलं, आवाज ऐकला. धावत गल्लीत गेलो. कुणी नाही. रक्त नाही. एक मिरचीसुद्धा नाही.

मागे वळलो. आई चौकात, पहिल्या पायरीवर, भरलेली परात घेऊन. म्हणाली, पोरा, चहा गार होतोय.

सकाळी चढण्याआधी हेच म्हणाली होती.

१२ सप्टेंबर

पुन्हा. आणि पुन्हा. तिच्या खोलीचं दार लावलं, उंबऱ्यात आडवा झोपलो, तरी ती पायरीवरच. दर वेळी कडेशी जरा जास्त वेळ टिकते. मग आणखी जोरात— दर वेळी तोच आवाज. मग चहा गार होतोय.

तिला काही आठवत नाही. एकदाच विचारलं, मी आज एवढी दमलेय का रे?

१३ सप्टेंबर

शिहाबचा फोन. खुशीत होता. बर्कूस तयार झाला, उद्या बोगद्यात नेणार. खोटं जग आता कशाला हवंय, दुपारच्या नमाजावरून आलो की पुसून टाकतो.

आतलं सगळं. आत आहेत ते सगळे.

ओरडलो, पुसू नकोस! तो म्हणाला, त्या दिवशी तर तूच बंद कर म्हणून मागे लागला होतास. पुसू नकोस, तिथे माझी आई आहे— हसला. जरा झोप काढ म्हणाला. आता उचलत नाही.

कारखान्यात जाऊ? पण ती चढायला लागलीय—

दुपारी

तिचा हात धरलाय. पायरीपायरीला वही गुडघ्यावर टेकवून लिहितोय. धक्का आला, दोघांनाही. सोडला नाही. पडली नाही.

वळणावर थांबली. परात झटकली. म्हणते, हात कशाला धरतोस, लाडावून ठेवशील मला.

नमाज सुटला. गल्लीत चपलांचे आवाज. शिहाब निघाला असेल.

हात गरम आहे. मिरच्यांनी माखलाय, माझा तळवा झोंबतोय. पुन्हा धक्का— सोडला नाही. सोडणार नाही. ती हसतेय, म्हणते, पोरा, चहा

झोंबतंय अजून, पण मूठ रिकामी. तिचा हात—